बशीचं कडं

मंदार : नाही, पण सर, तुम्ही एकदा मान्य करा की ही उडती तबकडी आहे. मग पुढचं बोलणं सोपं जाईल.

नामदेवराव : मान्य काय करायचंय त्यात? एकोणसत्तर साली मी ही तामीर केली, तेव्हापासून अख्खी सोसायटी हिला बशी म्हणते. ऑटोवाले तश्तरी म्हणतात. तुम्ही पुण्याहून येऊन आज शोध लावलात. मुबारक.

मंदार : माझा शोध वेगळा आहे. सोसायटीचा हा हॉल तुम्ही म्हणे कॉमिकमधून उचललात.

नामदेवराव : म्हणे कशाला? उचललाच. रूपाली, सांगितलं नाहीस का यांना?

रूपाली : मी कशाला सांगू, काका? तुम्हीच सांगता सगळ्यांना. दहावीला मी इथे अभ्यासाला बसायची तेव्हा मला तीनदा सांगितलंत. एकदा तर गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी.

मंदार : म्हणजे तुम्ही आर्किटेक्ट असून हे उघड सांगता?

नामदेवराव : लपवणारे वेगळे असतात. विलायती मासिकं तुम्हीही कॉलेजात चाळली असतील. लंडनच्या काही पोरांनी पायांवर चालणारं शहर काढलं, त्यावर दुनिया फिदा. आलं कुठून ते? बारा वर्षांचे असताना पांघरुणात दडून जे वाचलं तिथून. दक्षिण अमेरिकेत ओसाड माळावर राजधानी वसवली, मधोमध दोन पांढऱ्या वाट्या, एक पालथी, एक उताणी. मंगळावरची कचेरी आहे ती, दुसरं काय? पण त्यांना विचारून बघा. शुद्ध भूमिती म्हणतील. नव्या युगाचं सौंदर्य म्हणतील. फाटक्या कॉमिकात बघितलं होतं, असं एक जण बोलणार नाही. नामाकूल लेकाचे!

मंदार : आणि तुम्ही ते आबिड्सच्या फुटपाथवर बघितलंत.

नामदेवराव : रविवारी. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी, एकोणपन्नास साली. कव्हर नव्हतं, शेवटची पानं नव्हती. माझं शिक्षण उर्दू मीडियमचं, इंग्रजी धड येत नव्हतं. त्यामुळे मी चित्रंच वाचली. वाचून वाचून पान निखळलं, ते हे असं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय. बघा. ही तबकडी, हे तिचे तीन पाय, आणि हे, तिच्या कडेनं गेलेलं हे निळं कडं. तुम्ही ज्याच्यावर करवत चालवायला निघालात ते.

मंदार : करवत अजून चालवली नाही.

रूपाली : बारा फूट कापलंय ना पश्चिमेकडे. तुम्ही बसलाय ते त्याच्याच खाली. म्हणजे आता वर काही नाही, पण खाली तेच.

मंदार : तो नमुना आहे, सोसायटीनं तेवढ्यापुरती मोकळीक दिली. हॉल भाड्यानं घेणाऱ्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांना दाखवायला की कडं काढल्यावर इमारत किती हलकी दिसते. आणि रूपाली, तुला एसीच्या कंत्राटदारानं पाठवलंय. आत पंचवीस कॉम्प्युटर बसणार, त्यासाठी किती टनाचा एसी लागेल तेवढा आकडा तू द्यायचा. दिसण्याचं माझ्याकडे आहे.

रूपाली : आकडा काढायलाच मी सकाळपासून थर्मामीटर घेऊन फिरतेय. आत लाइट नाही म्हणून बाहेर बसलोय, नाहीतर तुमच्या दिसण्यात मला काही इंटरेस्ट नाही.

नामदेवराव : वा, बेटा! फिजिक्सवाले फुकट बोलत नाहीत.

मंदार : सर, मी सरळ बोलतो. कमिटीच्या ठरावात एक ओळ आहे, मूळ आर्किटेक्टच्या संमतीशिवाय बाहेरून काही बदलायचं नाही. रूपालीच्याच वडिलांनी घातलीय ती, तातेरावांनी. ती ओळ नसती तर मी मे महिन्यात दुपारी अडीच वाजता सिकंदराबादला आलोच नसतो. तुम्ही सही केलीत की उद्या माणसं कडं कापतील, सोमवारपासून चारी बाजूंनी काच.

नामदेवराव : मूळ आर्किटेक्ट! मंदारपंत, मूळ आर्किटेक्ट अमेरिकेत कुठेतरी मरून गेला असेल, हप्त्याला वीस पानं काढता काढता. मी त्याचा नकलनवीस. पण एवढं सांगतो, तो माणूस सूर्य ओळखायचा. त्याला ठाऊक होतं की खिडकीच्या डोक्यावर कडं पाहिजे. त्याच्या भरवशावर मी तीस वर्षं हिंडलो. दोन कॉलेजांत शिकवायला जायचो, तिथेही हेच शिकवलं. बाकीची बशी नखरा आहे, मला कबूल. आत बोललेलं गोल फिरतं, पहिल्या पावसाळ्यात घुमट गळला, आजही सभेत मागच्यांना ऐकू येत नाही. पण कडं खरं आहे. ते कापायचं नाही.

मंदार : इमोशनल मुद्दा आहे हा.

नामदेवराव : आणि तुमचा कुठला आहे?

मंदार : हा. ब्रोशर बघा. सगळीकडे काच. पारदर्शक. शिकायला येणारा मुलगा बाहेरून बघतो, आत कॉम्प्युटरचे पडदे चमकताहेत. त्याला वाटतं आपण हैदराबादेत नाही, सिंगापूरला आहोत. अमीरपेटेत एका गल्लीत चाळीस क्लास आहेत, सर. जो वेगळा दिसेल तो टिकेल. तुमच्या पिढीनं काँक्रीटच्या कोठ्या बांधल्या, वर अशोकचक्र काढलं आणि झालं. आता देश उघडा झालाय.

नामदेवराव : देश उघडा झाला म्हणून भिंती पण काढायच्या?

रूपाली : एक मिनिट, ब्रोशर द्या ना इकडे.

मंदार : घे. छान आलंय ना? मुंबईहून करून घेतलंय.

रूपाली : हौ, छान. ही झाडं कुठली आहेत?

मंदार : झाडं म्हणजे... झाडं. स्टॉकमधली.

रूपाली : मॅपल आहेत. माणसं कोट घालून चाललीत. आणि झाडाची सावली डावीकडे पडलीय, लाल मारुती गाडीची उजवीकडे. म्हणजे या चित्रात दोन सूर्य आहेत.

नामदेवराव : माझ्या कॉमिकमध्येही दोन सूर्य होते! पण तिथे लिहिलेलं तरी होतं की या ग्रहाला दोन आहेत. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

मंदार : हसा. पण याच चित्रावर क्लासवाल्यांनी होकार दिलाय.

नामदेवराव : का नाही देणार? हेही कॉमिकच आहे. फक्त रॉकेट काढून मारुती ठेवलीय. आम्ही निदान परग्रहावरून उचललं, तुम्ही विमानतळावरून उचलता. हिंमतसुद्धा कमी झाली.

मंदार : काच हे कॉमिक नाही, सर, मटेरियल आहे. जगभर चालतं.

रूपाली : जिथे चालतं तिथे ऊन हवं असतं लोकांना. मी आकडा सांगू का? आहे तसा हॉल ठेवला, कडं ठेवलं, तर बारा टनांत काम होतं. कडं काढून चारी बाजूंनी काच लावली तर एकोणीस. त्यातही मी सवलत दिलीय तुम्हाला. आणि दिवसातून तीन तास लाइट जाते तेव्हा शून्य टन. तेव्हा पंचवीस पोरं काचेच्या भांड्यात.

मंदार : जनरेटर आहे.

रूपाली : जनरेटर कॉम्प्युटरपुरता घेतलाय. मी कोटेशन बघितलंय.

मंदार : तू कंत्राटदाराकडून आलीस का सरांकडून?

रूपाली : कुणाकडूनच नाही. तुम्ही आयता प्रयोग करून ठेवलात म्हणून बघितलं. बारा फुटांवर कडं नाही, शेजारी आहे. खिडक्या त्याच, दिशा तीच, वेळ तीच. असं कॉलेजात कधी मिळत नाही. आत्ता कापलेल्या भागाच्या आत बाकाचं लाकूड एकेचाळीसवर आहे. शेजारचा बाक, कड्याच्या सावलीतला, तेहतीस. आठ डिग्रीचा फरक. पाचनंतर ऊन तिरपं होतं, तेव्हा कडंही काही कामाचं नाही, ते मी लिहिणार आहे. पण क्लास पाचपर्यंतच आहे.

नामदेवराव : ऐकलंत? आठ डिग्री! मी म्हणत होतो, तो माणूस सूर्य ओळखायचा.

रूपाली : ते मला पटत नाही, काका.

नामदेवराव : काय पटत नाही?

रूपाली : तुमचा तो चित्रकार. मघापासून बघतेय. रॉकेट निर्वात पोकळीत आहे आणि त्याचा धूर वर वर चाललाय, गावच्या चुलीसारखा. बाईनं डोक्याला काचेचा गोळा घातलाय, हात उघडे. ज्याला एवढं समजत नाही त्याला सावलीचा कोन कसा समजेल? खिडक्यांवर कडं काढायचं त्याला सुचलं कसं?

नामदेवराव : सुचलं, बस. कलावंताला सुचतं.

रूपाली : तुमचं भिंग द्या जरा. नकाशाचं.

मंदार : आता काय, फॉरेन्सिक?

रूपाली : हे कडं फक्त निळ्या रंगाचं आहे.

नामदेवराव : हो. मला वाटायचं, काचेचं असेल. किंवा एखाद्या धातूचं.

रूपाली : त्याला काळी रेघ नाही. बाकी सगळ्याला आहे. तबकडीला आहे, पायांना आहे, बाईच्या नखांनासुद्धा आहे.

नामदेवराव : पातळ असेल म्हणून नसेल काढली.

रूपाली : या हिरोची पँट निळी आहे. पँटचा निळा पण रेघेच्या बाहेर आलाय. खाली, आणि उजवीकडे. इथे मागे आभाळ आहे, ते पण डोंगरावर उतरलंय. तेवढंच. प्रत्येक ठिकाणी तेवढंच, त्याच बाजूला. लाल बरोबर बसलाय, पिवळा बरोबर बसलाय... काका, ही छपाई सरकलीय.

नामदेवराव : म्हणजे?

रूपाली : रंग एकावर एक छापतात ना, तशी निळ्याची प्लेट सरकली. तबकडीच्या पोटाला निळी सावली होती, ती रेघेबाहेर सांडली. कडं नाहीच आहे. त्यानं काढलंच नाही. त्याच्या तबकडीला खिडक्या उघड्याच आहेत.

मंदार : थांब, थांब. म्हणजे तीस वर्षं सिकंदराबादेत जे उभं आहे ती छपाईची चूक आहे? काँक्रीटमध्ये? दोनशे फूट घेराची?

रूपाली : मंदार, जरा गप्प बसा.

मंदार : नाही, मला पूर्ण आनंद घेऊ दे. मघापासून मी हलका आणि कॉमिकवाला. आणि इथे माणसानं शाईच्या डागाला सळया बांधल्या! दोन कॉलेजांत शिकवला! सर, मी काही बोललो का विमानतळावरून उचलण्याबद्दल? निदान मी जे उचलतो ते तिथे असतं.

नामदेवराव : भिंग दे.

रूपाली : काका, त्यानं काही फरक...

नामदेवराव : दे म्हटलं. ...हां. पँट. ...आभाळ पण. बरोबर आहे तुझं. एवढी वर्षं रोज बघितलं, पँटकडे कधी लक्ष गेलं नाही. कोण बघतो पँट?

रूपाली : माझं लक्ष पण आत्ताच गेलं.

नामदेवराव : उर्दू शिकलेला माणूस पान उजवीकडून बघतो. उजव्या कडेला पहिलं हेच दिसलं. पंधरा वर्षांचा होतो. वाटलं, केवढा अक्कलवाला माणूस. ...सही कुठे करायची, मंदारपंत?

मंदार : काय?

नामदेवराव : संमतीची. कापा ते. उद्याच कापा. शाईच्या डागाखाली लोकांनी बसू नये. मी माझ्या आयुष्यात या एका गोष्टीची नक्कल बरोबर केली असं समजत होतो.

मंदार : इथे, सर. या ओळीवर. तारीखही टाका.

रूपाली : पेन ठेवा, काका.

नामदेवराव : तू मध्ये पडू नकोस. तूच दाखवलंस.

रूपाली : दाखवलं म्हणून बोलतेय. आठ डिग्री माझ्या थर्मामीटरवर आहेत, कॉमिकवर नाहीत. कडं कुठून आलं ते त्या बाकाला माहीत नाही. इथे मी तीन उन्हाळे अभ्यास केला, घरात पत्र्याखाली बसवत नव्हतं म्हणून. चौदा एप्रिलला अख्खी कॉलनी इथे येते, म्हातारी माणसं आधी कड्याखालची जागा धरतात. त्यांनी कुठलं कॉमिक वाचलंय?

मंदार : अगदी बरोबर, पण तो योगायोग झाला. आर्किटेक्चर नाही.

रूपाली : तुम्ही गप्प बसणार होता. काका, मला एक सांगा. निळा कुठल्या बाजूला सांडलाय?

नामदेवराव : उजवीकडे. खाली.

रूपाली : आणि तबकडीच्या डावीकडे?

नामदेवराव : डावीकडे काही नाही. पांढरी फट आहे.

रूपाली : मग आपल्या बशीला डावीकडचं कडं कुठून आलं?

नामदेवराव : ते मी पुरं केलं. उजवीकडे आहे म्हणजे डावीकडे असणारच, उजेडात दिसत नसेल. एवढी समज होती मला.

रूपाली : रुंदी चित्रात किती आहे?

नामदेवराव : चित्रात कसली रुंदी? नखाएवढी रेघ ती.

रूपाली : इथे सहा फूट आहे. मी मोजलंय. सहाच का?

नामदेवराव : चार फुटांत भागत नव्हतं. चार फुटांचं केलं तर तीन वाजता ऊन उंबरा ओलांडून आत यायचं.

रूपाली : कसं कळलं तुम्हाला?

नामदेवराव : कसं म्हणजे? बांबू बांधून त्याच्यावर गोणपाट टाकलं आणि बसलो. चार फूट, पाच फूट, सहा फूट. सावली पोचेल तिथे चुन्याच्या रेघा मारायच्या. एक उन्हाळा गेला त्यात. पुढच्या उन्हाळ्यात परत बघितलं, कारण पहिल्या वर्षी मे महिन्यात ढगच फार होते. सोसायटीवाले शिव्या घालत होते, आर्किटेक्ट बांधत नाही, तंबू ठोकून झोपतो म्हणून. साठच्या पुढे माणूस विसरतो, पण ते सगळं आठवतं. कडेला उतार दिला, पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून. खालून खाच मारली, थेंब तिथेच तुटावा म्हणून. घुमट गळला, पण कड्यातून आजपर्यंत एक थेंब आत आलेला नाही.

रूपाली : यातलं पानावर काय काय आहे?

नामदेवराव : पानावर... काही नाही. पण हे तर करावंच लागतं ना. ह्याला काय डिझाइन म्हणतात?

रूपाली : मंदार, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलाय. ह्याला काय म्हणतात?

मंदार : ...गोणपाटाचं मला माहीत नव्हतं.

रूपाली : तुमच्या ब्रोशरवाल्यानं किती उन्हाळे बसून काढले?

मंदार : टोमणे नकोत. मी म्हणतोय ना, माहीत नव्हतं.

नामदेवराव : म्हणजे त्या हरामखोरानं काढलंच नव्हतं.

रूपाली : नाही काढलं, काका. त्याच्या खिडक्या उघड्या आहेत. आत बसलेले सगळे भाजून मेले असणार.

नामदेवराव : आणि मी तीस वर्षं त्याला सलाम ठोकतोय. पोरांना सांगतोय, बाबांनो, परदेशात एक माणूस होता, ज्याला ऊन कळायचं.

रूपाली : हौला होता तो, येडा. धूर वर सोडतो निर्वातात.

नामदेवराव : मंदारपंत, तुम्ही बारा फूट कापलंत तिथल्या सळया मुळापाशी तोडल्यात का?

मंदार : नाही. ठेवल्यात. वाकवून ठेवल्यात, हातभर बाहेर आहेत.

नामदेवराव : अल्लानं तेवढी बुद्धी दिली. सरळ करा, नव्या सळया जोडून बांधा आणि ओता परत. उतार मी येऊन दाखवीन. खाच विसरू नका, नाहीतर नवं आणि जुनं वेगळं ओळखू येईल, आणि नवं गळेल.

मंदार : सर, मला क्लासवाल्यांना तोंड दाखवायचंय. त्यांना सिंगापूर कबूल केलंय मी. काय सांगू?

रूपाली : सांगा, सात टन वाचले. सिंगापूरवाल्यांना तेवढं कळतं.

मंदार : आकडा ते ऐकतील. पण कड्याचं विचारतील. आतलं ठीक आहे, पण बाहेरचं काम कोणी अडवलं म्हणतील. कोणाचं नाव सांगू मी?

(लाइट येते. आत पंखे फिरू लागतात.)

नामदेवराव : ठरावात आहे ना, तेच. मूळ आर्किटेक्ट नाही म्हणाला. ...आणि खुर्ची इकडे घ्या आता, मघापासून उन्हात बसलाय.